मराठी कादंबरीला एजंट शोधताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरच्या हुकुमचंद कापड मिलमधल्या एका साचेवाल्याच्या (माग चालवणाऱ्या कामगाराच्या) मराठी कुटुंबावर तुम्ही चार वर्षं खपून कादंबरी लिहिलीत. गेल्या आठ महिन्यांत ती दिल्ली-मुंबईच्या अकरा लिटररी एजंटांना पाठवलीत. दहा जणांकडून काहीच कळलं नाही, आणि अकरावा म्हणतोय की ४५,००० रुपये भरा, प्रकाशकाकडे 'प्लेसमेंट' करून देतो. पैसे भरावेत का, आणि मराठीसाठी एजंट मिळतो तरी कुठे?

पैसे भरू नका. एवढं आधी पक्कं करा, मग बाकीचं वाचा.

एजंट म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशक शोधणारा आणि करार ठरवणारा मध्यस्थ. तो जगतो लेखकाच्या कमाईवर. पुस्तक प्रकाशकाला विकलं गेलं की लेखकाला जे मिळतं त्यातले साधारण १५ टक्के त्याचे, आणि परदेशी हक्क विकले तर बहुधा २०. तुमच्याकडूनच आधी पैसे घेतले की पुस्तक विकायची त्याला निकडच उरत नाही. काही जण संपादनाचा सल्ला वेगळी फी घेऊन देतात, तो व्यवहार निराळा, आणि तो तसा उघड सांगितलेला असतो. 'पैसे द्या म्हणजे पुस्तक घेतो' हा त्यातला प्रकार नव्हे. पदरमोड करून पुस्तक छापायलाही माझी हरकत नाही, आपल्याकडे कितीतरी चांगली पुस्तकं तशी निघाली आहेत. पण मग छपाईचं रीतसर दरपत्रक घ्यावं, आणि सगळ्या प्रती आपल्या घरी याव्यात.

आता मराठीचा हिशोब मांडून बघा. समजा कादंबरीची किंमत ४०० रुपये, आवृत्ती ५०० प्रतींची, रॉयल्टी छापील किमतीवर १० टक्के. सगळ्या प्रती खपल्या तर तुमचे २०,००० रुपये, तेही दोन-तीन वर्षांत मिळून. त्याचे १५ टक्के म्हणजे ३,०००. एवढ्यासाठी कोण तुमची साडेतीनशे पानं वाचणार, चार प्रकाशकांकडे खेटे घालणार आणि करार तपासणार? म्हणून मराठीत हा धंदा उभाच राहिला नाही. त्यात तुमच्या लेखनाचा काही दोष नाही. मराठी प्रकाशक हस्तलिखित थेट लेखकाकडून घेतात, मधल्या माणसाची वाट बघत नाहीत. तुम्ही आठ महिने एजंट शोधण्यात घालवलेत, तेव्हा थेट संपादकाला पत्र लिहायची मुभा तुम्हाला होतीच.

त्या दहा जणांचंही मनाला लावून घेऊ नका. आपल्याकडचे एजंट मुख्यतः इंग्रजीत काम करतात, आणि त्यांना तुम्ही मराठीतली अख्खी पीडीएफ पाठवलीत. तिथली रीत अशी की एका पानाचं पत्र, शेवटासकट गोष्ट सांगणारा एक-दोन पानांचा सारांश आणि पहिली तीन प्रकरणं पाठवायची, सगळं इंग्रजीत. मराठी कादंबरीला एजंटचा उपयोग होतो तो अनुवादाच्या टप्प्यावर. हिंदीतल्या गीतांजली श्री यांना २०२२ साली आणि कन्नडमधल्या बानू मुश्ताक यांना २०२५ साली इंग्रजी अनुवादासाठी आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, आणि त्या पारितोषिकाची रक्कम लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. तेव्हा तुमच्यासाठी अनुवादक आधी, एजंट नंतर. आणि अनुवादकालाही मूळ पुस्तक छापलेलं हातात असावं लागतं.

मग मराठीत करायचं काय? मौज, पॉप्युलर, राजहंस, मेहता, रोहन, मनोविकास, शब्दालय ही प्रकाशकांची नावं तुम्हाला ठाऊक असतीलच. सगळ्यांना एकच मजकूर चिकटवून पाठवू नका. प्रत्येकाच्या गेल्या पाच वर्षांतल्या निदान दोन कादंबऱ्या वाचा आणि आपली त्यांच्या शेजारी कुठे बसते ते बघा. इंदुरात पुस्तकं मिळत नसतील तर महाराष्ट्र साहित्य सभेत जाऊन विचारा, जुने वाचक घरचं कपाट उघडून देतात. इंदूर लांब पडतं म्हणून कोणी वाचणार नाही, ही भीती तर सोडूनच द्या. १९१७, १९३५ आणि २००१ असं तीनदा मराठी साहित्य संमेलन या गावात भरलं आहे.

पत्रात मात्र इंदूर नीट सांगा. पुण्यातल्या संपादकाला मिल म्हटलं की मुंबईचं गिरणगाव आठवतं. हुकुमचंद मिल १९९१च्या डिसेंबरात बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचा २२४ कोटींचा धनादेश निघायला २०२३चा डिसेंबर उजाडला. मिल बंद असतानाही अनंत चतुर्दशीच्या झाँक्या (मिरवणुकीतले सजवलेले देखावे) त्याच कामगारांनी काढल्या. हे चार ओळींत लिहा. बत्तीस वर्षं एक घर कशाची वाट बघत राहिलं, हे कळलं की तो माणूस पहिलं प्रकरण उघडेल. 'ही कादंबरी वाचकांच्या हृदयाला भिडेल' असली वाक्यं काढून टाका, ते ठरवणं संपादकाचं काम आहे.

फाइल युनिकोडमध्ये पाठवा. जुन्या श्रीलिपी फॉन्टमधला मजकूर रूपांतर करताना 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला र हमखास मोडतो, आणि वाचणाऱ्याला लेखकच निष्काळजी वाटतो. एखादं प्रकरण स्वतंत्र कथा म्हणून उभं राहत असेल तर मे-जूनपर्यंत दिवाळी अंकांकडे धाडा. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासून नवा लेखक संपादकांच्या नजरेला पडायची ती आपली हक्काची जागा आहे.

आता भाषेबद्दल. माझा स्वतःचा जीव यात अडकलेला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. माझी पहिली कादंबरी तीन ठिकाणांहून परत आली, एका ठिकाणी तर चौदा महिने थांबून. चौथ्या प्रकाशकाने घेतली. एका सकाळी कुरियरने मुद्रितांचा (तपासायच्या प्रूफांचा) गठ्ठा आला आणि मी तो स्वयंपाकघरातच उघडला. पान १७ वर आजी नातीला विचारते, "काय करून राहिलीस गं?" त्यावर लाल रेघ, आणि समासात 'काय करते आहेस?' पुढे 'ओटला'चा 'ओटा' झालेला. 'सेव'ची प्रत्येक पानावर 'शेव'. अडतीस ठिकाणी आमचं इंदूर पुसून तिथे सदाशिव पेठ आणून बसवली होती. पोळ्या तशाच टाकून मी गच्चीवर जाऊन बसले.

संध्याकाळी भांडायच्या तयारीनेच फोन केला. संपादक वयाने मोठे, शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, तुमचे शब्द मी परत घेतो. पण मला एक सांगा, तुमची धाकटी सून नारायण पेठेतून लग्न होऊन इंदूरला आली. ती दुसऱ्याच दिवशी 'मी चहा करून राहिले' कशी म्हणते?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरातली सगळी माणसं मी एकाच तोंडाने बोलवली होती. पुढचे दोन महिने मी त्या सुनेचं बोलणं ओळीओळीने पुन्हा लिहिलं. आधी ती पुण्याचं बोलते, सासू हसते, मग ती गप्प राहायला लागते. नवव्या प्रकरणात मुलाला ताप असताना तिच्या तोंडून पहिल्यांदा निघून जातं, "अहो, तो थरथरून राहिलाय." आजही वाचक मला त्या जागेबद्दल बोलतात. ती जागा त्या फोनमुळे आली. तुम्ही जे शोधताय ते मला वाटतं हेच आहे: आपलं लिखाण मनापासून वाचून अडचणीचा प्रश्न विचारणारं कोणीतरी. मराठीत ही परंपरा संपादकांची आहे. 'मौज' आणि 'सत्यकथा' या नियतकालिकांत श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी लेखकांशी पत्रं लिहून-लिहून लेखन घडवलं. असा संपादक पहिल्याच फेरीत भेटेल असं नाही, पण प्रकाशक निवडताना छपाई आणि मुखपृष्ठाच्याही आधी 'इथे हस्तलिखित वाचतं कोण?' हे विचारा. आणि पाठवण्यापूर्वी आपल्या इंदुरी शब्दांची एक पानभर यादी सोबत जोडा: हा शब्द कोणाच्या तोंडी, कुठे, का. निवेदनाची भाषा कोणती आणि संवादाची कोणती, हे आधी तुमचं तुम्ही ठरवलेलं असलं की पुढची निम्मी भांडणं टळतात.

एजंटचं एक काम मात्र तुम्हालाच अंगावर घ्यावं लागेल, ते म्हणजे करार. पहिलं पुस्तक निघतंय या आनंदात आपण भिडेपोटी सही करतो, आणि भीड भिकेची बहीण. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं १९वं कलम शोधून वाचा. हक्क देणं लेखी आणि सहीनिशीच झालं पाहिजे. कोणते हक्क, किती वर्षं, कुठल्या प्रदेशापुरते आणि मानधन किती, हे त्यात हवं. मुदत लिहिलीच नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. आणि करारात वेगळं काही म्हटलं नसेल तर, हक्क घेऊन प्रकाशकाने वर्षभरात ते वापरले नाहीत, की ते रद्द होतात. ते 'वेगळं काही' बारीक टायपात कुठे दडलंय ते आधी शोधा.

रॉयल्टी छापील किमतीवर आहे की विक्रेत्याची सूट वजा जाऊन हाती आलेल्या रकमेवर, हे स्पष्ट लिहून घ्या. दोन्ही ठिकाणी '१० टक्के'च लिहिलेलं असतं, आणि रकमेत केवढा तरी फरक पडतो. अनुवाद, ई-बुक, ऑडिओ आणि चित्रपट-मालिका यांची कलमं वेगवेगळी असू द्या. स्टोरीटेल या ऑडिओ पुस्तकांच्या अ‍ॅपचं मराठी २०१७ साली सुरू झालं, त्याआधीच्या करारांत आम्ही 'इतर सर्व हक्क' असे तीन शब्द न वाचता सोडून दिले होते, आणि त्या तीन शब्दांत माझं ऑडिओ पुस्तक गेलं.

चोरीची भीती वाटते असंही तुम्ही लिहिलंय. कॉपीराइट तुम्ही लिहिलंत तेव्हाच तुमचा झाला, नोंदणीची सक्ती नाही. तरी झोप लागत नसेल तर ५०० रुपये शुल्क भरून नोंदणी करून टाका.

एकाच वेळी दोन-तीन प्रकाशकांकडे पाठवायला हरकत नाही, फक्त पत्रात तसं लिहा, आणि एकाने घेतली की बाकीच्यांना त्याच दिवशी कळवा. चार महिने काहीच कळलं नाही तर एक फोन करा. फोन केल्याने कोणी रागवत नाही, गठ्ठ्यात खाली गेलेली फाइल वर येते.

करार हातात आला की सही करण्याआधी प्रकाशकाचं नाव झाकून मला कलमं पाठवा. मी बसून वाचते.