सायबरपंक कथा (तंत्रज्ञान पुढारलेलं, पण माणसाचे हाल, अशा भविष्याची) यवतमाळकडच्या खेड्यात घडवायची आहे, पण समाजावरची टीका भाषणासारखी वाटते. काय करावं?

टीका पात्राच्या तोंडी देऊ नका, यंत्राच्या नियमात घाला. नील स्टीफन्सनच्या 'स्नो क्रॅश' या कादंबरीत (1992) सार्वजनिक टर्मिनलवरून आभासी जगात आलेला माणूस दाणेदार, कृष्णधवल दिसतो. ऐपत कुणाची किती, हे वेगळं सांगावंच लागत नाही.

तुमच्याकडे असे नियम आयतेच आहेत. ओलावा 12 टक्क्यांवर गेला की सीसीआय (सरकारी कापूस महामंडळ) कापूस घेत नाही. कथेत मीटर कंपनीचं, आकडाही तिचाच, आणि तक्रार ऐकायला एक आभासी साहेब. किंवा अंगठ्याचा ठसा घ्या: वेचणीत बोंडांच्या टोकांनी बोटं सोललेली, मशीन पुन्हा पुन्हा लाल दिवा दाखवते, मागची रांग कुरकुरते. हा प्रसंग सावकाश लिहा. बाकीचं जग चार ओळींत उरका.

फसतं कुठे? निऑन पाट्या आणि गगनचुंबी इमारती उचलून आणल्या की. इथे रात्री शिवारात उजेड असतो तो ओलिताला गेलेल्याच्या बॅटरीचा, कारण पंपाची लाईट बऱ्याचदा तेव्हाच येते. आणि 'गाव भोळं, कंपनी दुष्ट' हे तर नकोच. कृषी केंद्रातली उधारी आणि गावातली जातही आभासी जगात लॉगिन करतात. अवतार, म्हणजे आभासी जगातलं आपलं रूप, निवडताना आडनाव विचारलं जाऊ द्या.