१६० पीएसची गाडी आणि दोन महिन्यांचं लायसन्स

प्रश्न: मुलगा १९ वर्षांचा, इंजिनीअरिंगला आहे. दोन महिन्यांपूर्वी लायसन्स निघालं. त्याला १.५ लिटर टर्बो पेट्रोल, १६० पीएस ताकदीची गाडी हवी आहे. एक्स-शोरूम १६ लाख, ऑन-रोड १९ लाख. ७ लाखांची एफडी मोडून १२ लाखांचं कर्ज काढावं का? दुकान आणि ऊस मिळून महिन्याला सरासरी ९० हजार येतात. – एक वाचक, करवीर तालुका

उत्तर: हप्ता झेपेल, तरी ही गाडी आत्ता घेऊ नका. ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी हप्ता साधारण २४,९०० रुपये आणि एकूण व्याज २ लाख ९५ हजारांच्या आसपास. थोडी ओढाताण होईल, पण निभेल. माझी हरकत कोटेशनमध्ये न दिसणाऱ्या खर्चाला आहे.

ब्रिटनमध्ये या वयाच्या चालकाला ताकदवान गाडीचा विमाच इतका महाग पडतो की घरचे आपोआप छोट्या गाडीकडे वळतात. आपल्याकडे प्रीमियम मुख्यतः गाडीची किंमत, इंजिन आणि गाडीचं वय यांवर ठरतो. स्टिअरिंगवर कोण बसणार, याला त्यात फारसं वजन नाही. म्हणून धोक्याचा हिशोब तुम्हालाच मांडावा लागतो.

नवख्याला क्लच-ब्रेक लवकर जमतात, अंदाज यायला वेळ लागतो. समोरून येणाऱ्या वाहनाचा वेग आणि ओव्हरटेकला लागणारी जागा हजारो किलोमीटर चालवल्यावर कळू लागते. टर्बो इंजिन खालच्या आरपीएमला (मिनिटाला होणाऱ्या इंजिनाच्या फेऱ्यांना) मंद वाटतं आणि १,७००-१,८०० च्या पुढे एकदम ओढतं. त्या जोरावर एक ओव्हरटेक निभावला की पुढच्या वेळी पोरगं आणखी कमी जागेत घुसतं. ९० च्या वेगाला गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. पाय ब्रेकवर पडायला दीड सेकंद धरला तर ३७ मीटर तिथेच गेले. १२० ला ते ५० होतात, आणि ब्रेक लागल्यानंतरचं अंतर पावणेदोन पटीने वाढतं. ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त. गळीत हंगामात गगनबावडा किंवा राधानगरी रस्त्याला रात्री टेललाइट नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या अचानक समोर येतात, तेव्हा हेच मीटर जीव घेतात.

पैशाची बाजूही बघा. दुसऱ्या वर्षी आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, २० टक्के घसारा धरून १२.८ लाखांवर येते. गाडी टोटल लॉस झाली, म्हणजे दुरुस्तीपलीकडे गेली, तर त्यातून आधी बँकेचे सुमारे १० लाख फिटतील, हातात पावणेतीन लाखांच्या आसपास उरतील. रोड टॅक्सचे १ लाख ९२ हजार क्लेममध्ये परत येत नाहीत; 'रिटर्न टू इनव्हॉइस' हे पूर्ण बिलाची रक्कम देणारं जादा कव्हर घेतलं असेल तरच येतात.

मी सुचवेन ती गाडी: साध्या १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची, ८०-९० पीएस, सहा एअरबॅग आणि ईएससी असलेली, ऑन-रोड १० लाखांपर्यंत. ईएससी घसरणारी गाडी सावरतं, ते नसलेलं मॉडेल स्वस्त मिळालं तरी नको. सेकंड हँड घेतलीत तर २०२२ किंवा त्यानंतरचीच बघा, कारण त्या जानेवारीपासून पुढच्या दोन्ही सीटना एअरबॅग सक्तीच्या झाल्या. एफडीतले ४ लाख वापरा, ३ लाख अडीअडचणीला ठेवा. उरलेल्या ६ लाखांचा पाच वर्षांचा हप्ता साधारण १२,४५० रुपये. वाचलेले तेवढेच पैसे दरमहा आरडीत टाकले तर तीन वर्षांत नुसती मुद्दल साडेचार लाखांच्या जवळ जाते. मोठ्या गाडीचा विषय तेव्हा काढा.

विम्यात एक खाच आहे, ती बहुतेकांना माहीत नसते. पॉलिसीतलं १५ लाखांचं सक्तीचं वैयक्तिक अपघात कव्हर फक्त मालक-चालकाला लागू असतं. आरसी तुमच्या नावावर असेल तर मुलगा गाडी चालवताना जखमी झाला तरी त्याला त्यातून काही मिळत नाही. त्याच्या नावाने वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या, गाडी शोरूममधून बाहेर काढण्याआधीच.