पोर्तुगालमध्ये हेरॉइन कायदेशीर आहे का?

नाही. विकणं, देशात आणणं हा तिथे आजही तुरुंगवासाचा गुन्हा आहे. १ जुलै २००१ पासून बदललं ते एवढंच, की स्वतःला सरासरी १० दिवस पुरेल इतका माल जवळ बाळगणं फौजदारी गुन्हा राहिला नाही. हेरॉइनसाठी ही मर्यादा १ ग्रॅम, गांजासाठी २५. पोलीस माल जप्त करतात आणि माणसाला कोर्टाऐवजी तीन जणांच्या समितीपुढे पाठवतात. व्यसन जडलेलं असेल तर समिती उपचारांकडे वळवते.

पण नुसत्या कायद्याने काही होत नाही, उपचार हाताशी लागतात. राजधानी लिस्बनमध्ये मेथाडोनची (हेरॉइनऐवजी दिल्या जाणाऱ्या औषधाची) गाडी ठरलेल्या जागी येते, रोजचा डोस कर्मचाऱ्यांसमोरच प्यायचा. त्याचा असर साधारण दिवसभर टिकतो, त्यामुळे हेरॉइन न मिळाल्याने होणारी अंगदुखी, जुलाब, तलफ आवरते आणि माणूस कामावर जाऊ शकतो. सुयाही मोफत मिळतात, म्हणून एचआयव्ही पसरणं खूप घटलं.

अमेरिकेतल्या ऑरेगॉनने २०२१ मध्ये ड्रग्ज बाळगण्याची शिक्षा आधी काढली, उपचार केंद्रांचा पैसा मात्र रखडला. १०० डॉलरचा दंड हेल्पलाइनला फोन केला की माफ व्हायचा, तरी फारच थोड्यांनी फोन केले. त्यात फेंटानिल हे हेरॉइनहून कितीतरी जहाल ड्रग पसरलं. सप्टेंबर २०२४ पासून तिथे बाळगणं पुन्हा गुन्हा आहे.