चाळीस बायकांच्या पायलटमध्ये पी व्हॅल्यू आली नाही तर पायलट फेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तुम्ही पुण्यात एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातलं पदव्युत्तर शिक्षण) करताय, पर्वती पायथ्याच्या वस्तीत बीपी असलेल्या बायकांना घरभेटी आणि फोनवर आठवण असा कार्यक्रम करून बघायचाय, गाईड म्हणाले आधी ४० जणींवर पायलट कर, आणि आता तुम्हाला भीती वाटतेय की वीस-वीसचे दोन ग्रुप करून, एकाला कार्यक्रम आणि दुसरा तुलनेला (कंट्रोल), फरक सिग्निफिकंट आला नाही, म्हणजे पी व्हॅल्यू (कार्यक्रमाचा काहीच परिणाम नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा जास्त फरक दिसण्याची शक्यता) पुरेशी लहान आली नाही, तर सगळं फुकट जाईल. शिवाय पायलट आणि फीजिबिलिटी यात फरक काय.

मी गेली बरीच वर्षं पुण्यातल्या आणि आसपासच्या वस्त्यांमध्ये फील्ड कोऑर्डिनेटर म्हणून काम करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फरकाचं आधी उरकते. फीजिबिलिटी हा मोठा शब्द, "हे इथे करता येईल का" असं विचारणारं काहीही त्यात येतं, अगदी बायकांशी बसून नुसत्या गप्पा मारून घेतलेला अंदाजसुद्धा. पायलट म्हणजे त्यातलाच एक प्रकार, पुढे जो मोठा स्टडी करायचाय तोच किंवा त्याचा एखादा भाग छोट्या प्रमाणात खरोखर करून बघणं. २०१६ साली कन्सॉर्टने (ट्रायलचे अहवाल कसे लिहायचे याचे नियम ठरवणारा आंतरराष्ट्रीय गट) अशा पायलट ट्रायल कशा लिहायच्या याच्या वेगळ्या सूचना काढल्या त्यातही हाच अर्थ धरलाय, त्या सूचना नक्की वाचा आणि गाईडनाही दाखवा.

आता पी व्हॅल्यू. तुमच्या पायलटने "कार्यक्रमाने बीपी कमी झालं का" हा प्रश्न विचारायचाच नाहीये. आकडेमोड करून बघा. वरच्या बीपीचं स्टँडर्ड डेव्हिएशन (बाईबाईत आकडा किती वरखाली होतो त्याचं माप) १५ धरलं आणि वीस-वीस जणी घेतल्या, आणि समजा फरक ५ मिमी आला, तर ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा फरक ज्यात असू शकतो तो पल्ला, साधारण उणे ५ पासून अधिक १५ पर्यंत पसरतो. म्हणजे कार्यक्रमाने थोडं नुकसान झालं इथपासून जबरदस्त फायदा झाला इथपर्यंत काहीही खरं असू शकतं, मग त्यातून काय सांगणार तुम्ही? आणि ५ मिमी हा काही किरकोळ आकडा नाही, वरचं बीपी औषधाने तेवढं उतरलं तरी हार्ट अटॅक-स्ट्रोकसारख्या मोठ्या घटना साधारण १० टक्क्यांनी कमी होतात हे मोठमोठ्या ट्रायल एकत्र करून दिसलंय. असा फरक ८० टक्के पॉवरने (खरा फरक असेल तर तो दिसण्याची शक्यता ८० टक्के) पकडायला एका ग्रुपमध्ये १४० च्या आसपास बायका लागतात. चाळीसमध्ये तो दिसला नाही म्हणून चांगला कार्यक्रम गुंडाळून ठेवणं हे मला फार वाईट वाटतं, आणि असं होताना मी पाहिलंय.

याच्या उलटही होतं आणि ते जास्त धोक्याचं. नशिबाने पायलटमध्ये ८ मिमी फरक आला, तुम्ही खूश झालात आणि तोच आकडा घालून मोठ्या स्टडीचं सॅम्पल साईज (किती जणी घ्यायच्या तो आकडा) काढलंत, तर उत्तर येईल एका ग्रुपला ५५. खरा फरक ५ चाच असेल तर लागणार होत्या १४०, म्हणजे दोन वर्षं आणि सगळा फंड घालून तुम्ही असा स्टडी कराल ज्याला खरा फरक दिसण्याची शक्यता निम्म्याहूनही कमी. म्हणून अपेक्षित फरकाचा आकडा पायलटमधून उचलू नका, डॉक्टरांना विचारा किती फरक पडला तर तो उपयोगाचा, आणि तो धरा.

मग ४० जणींकडून कळणार काय? खूप काही, पण वेगळंच. किती दारं ठोठावली, किती उघडली, किती जणी स्टडीच्या अटींत बसत होत्या, किती "हो" म्हणाल्या, तीन महिन्यांनी किती सापडल्या, घरभेट ठरल्याप्रमाणे झाली का, एका भेटीला किती वेळ लागला.

इथे आमची एक मोठी चूक सांगते. हडपसरच्या बाजूला एका वस्तीत आम्ही असाच बीपीचा पायलट केला, मी तेव्हा नवीन होते, ज्या संस्थेसाठी करत होतो तिचं नाव घेत नाही. ज्या बायका हो म्हणाल्या त्यांची पानंच्या पानं माहिती लिहिली, आणि ज्या नाही म्हणाल्या किंवा ज्यांच्या दाराला कुलूप होतं त्यांची एक ओळसुद्धा लिहिली नाही. शेवटी मोठ्या स्टडीसाठी किती माणसं फील्डवर ठेवायची, किती महिने लागतील असं विचारलं तेव्हा आमच्याकडे आकडाच नव्हता, शंभर घरांमागे किती बायका मिळतात हे सांगता येईना. ज्यासाठी पायलट केला तीच गोष्ट हातातून गेली, आणि त्या चाळीसेक बायकांचा वेळ आपण घेतला याची मला आजही खंत आहे. तेव्हा एक साधी वही ठेवा, प्रत्येक दाराची एक ओळ, बंद होतं तरी ओळ, नाही म्हणाली तर सांगितलं तेवढं कारण, तारीख आणि वेळ. कारण विचारायचा आग्रह मात्र करू नका, न सांगण्याचा तिला हक्क आहे.

त्याच पायलटमध्ये दुसरं काय कळलं तर वेळ. आम्ही अकरा ते एक जायचो आणि सारखी कुलपं, कारण निम्म्या बायका धुण्याभांड्याच्या कामाला गेलेल्या. मग दुपारी अडीचनंतर जायला लागलो तर ती पाण्याची वेळ, बाई हंडे भरून धापा टाकत आत येते आणि आपण लगेच दंडाला पट्टा बांधतो, बीपी चढलेलंच येणार ना. पाच मिनिटं शांत बसवायचं आणि मग एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं हे प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं होतं, पण दहा बाय दहाच्या खोलीत पोरं आणि टीव्ही असताना ते करायचं कसं हे कोणी लिहिलेलं नव्हतं. शेवटी आशाताईंनीच (वस्तीतल्या आशा, म्हणजे सरकारी योजनेतल्या आरोग्य स्वयंसेविका) सुचवलं की अंगणवाडीच्या खोलीत ठरावीक दिवशी बसू. दंड जाड असेल तर मोठा पट्टा लागतो, नाहीतर आकडा उगाच जास्त येतो, तो आमच्याकडे एकच होता.

फोनची आठवण हा तर तुमच्या कार्यक्रमाचा अर्धा भाग आहे म्हणून नीट सांगते. वस्तीत "माझा नंबर" म्हणून बाई जो नंबर देते तो बऱ्याचदा मुलाचा किंवा नवऱ्याचा असतो. मुलगा कामावर गेला की मेसेज त्याच्या खिशात. कधी रिचार्ज संपतो, कधी नंबरच बदलतो. आणि घरात सांगितलेलं नसेल तर सासूच्या हातातल्या फोनवर गोळीची आठवण आली की बाईची पंचाईत होते, हा विचार आधीच करा. पायलटमध्ये मोजा, की पाठवलेल्यातले किती मेसेज तिच्यापर्यंत पोचले आणि किती तिने वाचले किंवा ऐकले, मला वाटतं रेकॉर्ड केलेला आवाज मेसेजपेक्षा जास्त चालेल पण तेही करून बघायचीच गोष्ट आहे.

प्रश्नावलीसुद्धा आधी चार-पाच जणींवर वाचून बघा. "बीपीची गोळी चालू आहे का" विचारलं की उत्तर येतं "हो, गरगरलं की घेते". "मागच्या आठवड्यात गोळी किती वेळा चुकली" यात तिला दोष ऐकू येतो आणि ती म्हणते "कधीच नाही". आम्ही नंतर पाकीट बघून उरलेल्या गोळ्या मोजायला लागलो तेव्हा चित्र वेगळं दिसलं. मिठाचंही तसंच, महिन्याला किती पुड्या लागतात आणि जेवायला किती माणसं हे विचारलेलं बरं.

आता गाईडना आवडेल असं काम. सुरू करायच्या आधी लिहून ठेवा की कुठल्या आकड्याला पुढे जायचं, कुठल्याला बदल करून जायचं आणि कुठल्याला थांबायचं, सिग्नलसारखं हिरवा-पिवळा-लाल. उदाहरणार्थ तीन महिन्यांनी ८० टक्के किंवा जास्त बायका टिकल्या तर हिरवा, ६० ते ८० पिवळा, त्याखाली लाल. नंतर ठरवलं की माणूस आपल्याला हवं तसं ठरवतो. मात्र छोट्या आकड्याची मर्यादा इथेही आहे, ३० पैकी २४ जणी टिकल्या म्हणजे ८० टक्के, पण खरा आकडा ६३ पासून ९० पर्यंत कुठेही असू शकतो, तेव्हा तो पल्लासुद्धा लिहा. आणि शंभरात पाच जणींना येणारी एखादी अडचण किमान एकदा तरी दिसावी अशी ९५ टक्के खात्री हवी असेल तर ५९ जणी लागतात, गाईडशी चाळीसच्या साठ करण्याबद्दल बोलून बघा.

टप्प्याटप्प्याने जाण्याचं आपल्याकडचं चांगलं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने नवजात बाळांच्या घरोघरी काळजीचा प्रयोग केला तो काही पायलट नव्हता, मोठा फील्ड ट्रायल होता, ३९ गावांत कार्यक्रम आणि तुलनेला ४७ गावं. पण त्यांनी १९९३ ते १९९५ आधी नुसती मोजणी केली, मग गावातल्या बायकांना शिकवून बाळांच्या नोंदी ठेवल्या, आणि जंतुसंसर्गावर घरी उपचार हा सगळ्यात नाजूक भाग त्यानंतर सुरू केला. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. २०११ पासून देशभर आशा ज्या घरभेटी देतात त्या यातूनच आल्या.

पायलट छोटा आहे म्हणून संमती सैल घेऊ नका. २००९-१० मध्ये आंध्र आणि गुजरातमध्ये मुलींना एचपीव्ही लस देण्याचा एक प्रात्यक्षिक प्रकल्प झाला, त्यात कित्येक मुलींच्या फॉर्मवर आईवडिलांऐवजी हॉस्टेलच्या वॉर्डनच्या सह्या निघाल्या, प्रकल्प थांबवावा लागला आणि संसदेच्या समितीने कडक ताशेरे ओढले. एथिक्स कमिटीची परवानगी आणि सीटीआरआयवर (भारतातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही) नोंदणी पहिली बाई घ्यायच्या आधी. आणि एखादीचं बीपी १८०/११० निघालं तर त्याच दिवशी तिला कुठे पाठवायचं, महापालिकेच्या कुठल्या दवाखान्यात, सोबत कोण जाणार, तिथे गोळ्या आहेत का, हे लिहून मगच फील्डवर जा. कंट्रोल ग्रुपमधली असली तरी पाठवायचीच.

कॅलेंडर बघा फक्त. मे महिन्यात निम्मी वस्ती गावाला असते, पालखी पुण्यात असते ते दिवस सोडा, गौरी-गणपतीत कोणी बोलायला मोकळं नसतं. दिवाळी झाली की सुरू केलंत तर तीन महिन्यांचा फॉलोअप फेब्रुवारी-मार्चमध्ये नीट बसेल, आणि जानेवारीत हळदीकुंकवाला सगळ्या एकत्र भेटतात तेव्हा आशाताईंना सांगून दहा मिनिटं मागून घ्या, कार्यक्रमात काय खटकतंय ते बायका तिथे मोकळेपणी सांगतात.