अंतराळ पर्यटनाचा डिप्लोमा घेऊ का?

तुझं पत्र दोनदा वाचलं. एक खासगी कंपनी चार प्रवाशांना पृथ्वीभोवतीच्या कक्षेत नेणार, ही बातमी वाचल्यापासून तुला दुसरं काही सुचत नाही. यंदा शाळा संपतेय. तुला एका संस्थेचा ‘अंतराळ पर्यटन’ डिप्लोमा करायचाय, आईबाबा इंजिनिअरिंग म्हणतायत, आणि गणित जड जातं हेही तू न लपवता लिहिलंस.

डिप्लोमाचं आधीच सांगून टाकते: घेऊ नकोस. कक्षेत जाणाऱ्या प्रवाशाला नेणारी कंपनीच तयार करते, आणि तेही ज्या यानातून जायचं त्याच यानासाठी. २०२१ साली ‘इन्स्पिरेशन ४’ या खासगी अंतराळ मोहिमेतून कक्षेत गेलेल्या चौघांनी उड्डाणाआधी काही महिने असं प्रशिक्षण घेतलं. बाहेरचं प्रमाणपत्र दाखवून तिथे कुणाला जागा मिळत नाही.

दुसरं, बातम्यांमध्ये दोन वेगळ्या उड्डाणांना ‘अंतराळ पर्यटन’ हे एकच नाव देतात. एक, साधारण १०० किलोमीटर वर जाऊन काही मिनिटांत परतणारं. दुसरं, तुझ्या बातमीतलं. कक्षेत टिकायला तासाला सुमारे २८ हजार किलोमीटर वेग लागतो आणि साधारण दीड तासात पृथ्वीची एक फेरी होते. परतताना तो सगळा वेग हवेला भिडून घालवायचा, तेव्हा यानाचा तळ भयंकर तापतो. वर असताना श्वासातला कार्बन डायऑक्साइड सतत काढून टाकावा लागतो. आजची याने बहुतेक वेळ स्वतःच उडतात, त्यामुळे आतल्या चौघांपेक्षा किती तरी जास्त माणसं जमिनीवर राबत असतात: उष्णतारोधक कवच, पॅराशूट, सूट, नियंत्रण कक्ष, वैद्यकीय तयारी. करिअर म्हणशील तर ते इथे आहे.

सारा गिलिस यांचं उदाहरण मला फार आवडतं. व्हायोलिन वाजवणारी ही मुलगी पुढे एरोस्पेस इंजिनिअर झाली आणि स्पेसएक्स या खासगी अंतराळ कंपनीत अंतराळवीरांना शिकवू लागली. इन्स्पिरेशन ४च्या प्रवाशांच्या तयारीतही त्यांचा हात होता. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘पोलारिस डॉन’ मोहिमेत त्या स्वतः गेल्या. त्या यानाला बाहेर पडण्यासाठी वेगळी हवाबंद खोली नव्हती, म्हणून दार उघडण्याआधी केबिनमधली हवा पूर्ण सोडून द्यावी लागली; चौघांचेही प्राण आपापल्या सूटवर. गिलिस दारातून बाहेर आल्या आणि नव्या सूटमध्ये हातपाय कसे हलतात ते तपासलं. सोबतच्या ॲना मेनन आधी नासात, अंतराळ स्थानकावरच्या माणसांच्या तब्येतीवर नियंत्रण कक्षातून लक्ष ठेवायच्या. २०२५ साली नासाने त्यांना अंतराळवीर उमेदवार म्हणून निवडलं. दोघींनी तिकीट काढलं नव्हतं, पण अशी संधी फार थोड्यांना येते. म्हणून असं काम निवड, की आयुष्यात एकदाही वर गेली नाहीस तरी रोज सकाळी ते करावंसं वाटेल.

गणिताची भीती आहे म्हणून इंजिनिअरिंग आत्ताच सोडू नकोस. आईबाबांनाही सांग, इंजिनिअरिंग हा एकच रस्ता नाही. इन्स्पिरेशन ४मध्ये वैद्यकीय जबाबदारी सांभाळणाऱ्या हेली आर्सेनो कॅन्सर झालेल्या मुलांच्या रुग्णालयात काम करायच्या. दहाव्या वर्षी त्यांना स्वतःला हाडाचा कॅन्सर झाला होता, मांडीत कृत्रिम हाड बसवलेलं होतं, तरी त्या कक्षेत जाऊन आल्या.

पुढचा महिनाभर एवढंच कर: अशा एखाद्या मोहिमेचं थेट प्रक्षेपण पूर्ण बघ आणि नियंत्रण कक्षातला कुणाचा आवाज ऐकताना ‘हे मला यायला हवं’ वाटलं, ते लिहून ठेव. गणितात नेमकं कुठलं प्रकरण अडतं तेही कळव. त्यावरून पुढचं ठरवू.