देवापाशी कबूल केले, आता पत्नीला सांगायलाच हवे का?

"देवापाशी कबूल केले आहे, त्याने क्षमाही केली आहे, मग पत्नीला सांगून तिचे मन कशाला दुखवायचे?" ख्रिस्ती कुटुंबांचे समुपदेशन करताना हा प्रश्न मला वारंवार ऐकायला मिळतो. तो विचारणाऱ्या सांगलीच्या एका गृहस्थांची हकिकत पतिपत्नी दोघांच्या संमतीने, ओळख पटणार नाही इतका तपशील बदलून, येथे देत आहे.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात कृष्णेने आयर्विन पुलाजवळची 45 फुटांची धोक्याची पातळी कितीतरी मागे टाकली, तेव्हा त्यांच्या धाकट्या भावाच्या दुकानातला सगळा माल भिजून गेला. भावाला उभे करण्यासाठी यांनी पत्नीच्या माहेरच्या पाटल्या एका पतसंस्थेत तारण ठेवल्या आणि त्या बँकेच्या लॉकरमध्येच आहेत असे घरी सांगत राहिले. तीन वर्षे ते व्याज भरून कर्जाची मुदत वाढवत होते. मुलीचा साखरपुडा ठरला, पत्नीने पाटल्या मागितल्या, आणि ते माझ्याकडे आले.

त्यांनी बायबलमधल्या स्तोत्र 51 चा आधार घेतला. "तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केले" असे दावीद राजानेच म्हटले आहे ना, असे त्यांचे म्हणणे होते. मी त्यांना आठवण करून दिली की दाविदाने उरीयाच्या पत्नीशी व्यभिचार करून त्याला लढाईत मारवले होते, ती प्रार्थना त्याने केली ती नाथान संदेष्ट्याने हे पाप त्याच्या तोंडावर मांडल्यावर, आणि तोपर्यंत ज्याच्यावर अन्याय झाला तो उरीया जिवंतच राहिला नव्हता. तुमची पत्नी मात्र घरी तुमची वाट पाहत आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 5 व्या अध्यायात प्रभू येशू सांगतो की वेदीजवळ आल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तेथेच ठेवावे, आधी त्याच्याशी समेट करावा आणि मग येऊन दान अर्पण करावे. देवाची क्षमा माणसासमोर उभे राहण्याचे बळ देते. तिच्या आडोशाला लपून बसणे हा तिचा गैरवापर आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

काय बोलायचे ते मी त्यांना लिहून आणायला सांगितले. पहिल्या कागदावर पूर होता, भाऊ होता, आईचा आग्रह होता. पाटल्या शेवटच्या ओळीत होत्या. तो आम्ही बाजूला ठेवला. दुसऱ्या कागदावर पहिलेच वाक्य असे आले: "पाटल्या लॉकरमध्ये नाहीत, मी त्या तारण ठेवल्या आणि तुझ्याशी खोटे बोललो." कर्जाची पूर्ण रक्कम सांगावी आणि पावती समोर ठेवावी, असेही आम्ही ठरवले. बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये 5 मध्ये हनन्या आणि सप्पीरा या दांपत्याने जमीन विकून आलेल्या पैशांतले काही मागे ठेवले; त्यांचा दोष पैसे मागे ठेवण्यात नव्हता, थोडे देऊन सगळे दिले असे भासवण्यात होता. अर्धवट कबुलीही त्याच जातीची असते. चर्चच्या पाळकसाहेबांना सोबत न्यावे का, असे त्यांनी विचारले. मी नको म्हटले, कारण त्यांच्यासमोर पत्नीला क्षमा करण्यावाचून गत्यंतर उरले नसते. (जेथे मारहाणीची भीती आहे, तेथे मी हा सल्ला देत नाही, तेथे आधी सुरक्षितता पाहावी लागते.)

त्यांनी सांगितले. पाटल्यांबद्दल पत्नी फारसे बोलली नाही. पुरानंतर महिला मंडळाच्या प्रार्थनासभेत तिने साक्ष दिली होती की घरात पाणी शिरले, तरी आईची आठवण प्रभूने राखली. ती पुढे माझ्याकडे आली तेव्हा म्हणाली, "मी घरी येऊन यांना ती साक्ष सांगितली, आणि हे आमेन म्हणाले." ते एक आमेन तिला कर्जापेक्षा जड झाले होते. मी ते हलके करण्याचा प्रयत्न केला नाही. त्यांनीही करू नये, इतकेच त्यांना सांगितले.

साखरपुडा पाटल्यांवाचून झाला. आता पावती तिच्या कपाटात असते आणि दर महिन्याला दोघे मिळून पतसंस्थेत हप्ता भरायला जातात. क्षमा केली, असे तिने अजून म्हटलेले नाही आणि त्यांनीही तिला ते विचारलेले नाही.