विकायचं की घ्यायचं? भाचेबुवांस पत्र

प्रिय भाचेबुवा,

परवा फोनवर तू तावातावाने विचारलंस, "मामा, एंजल्सने आता विकावं की घ्यावं?" म्हणजे तुझ्या लाडक्या बेसबॉल संघाने आपले खेळाडू दुसऱ्यांना द्यावेत की दुसऱ्यांचे आणावेत. मागे तुझे रूममेट इतके ओरडत होते की मी विषयच बदलला. म्हणून आता सावकाश लिहितोय.

जुलै संपत आला, खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत (डेडलाइन) जवळ आली, संघ धड वर नाही आणि धड तळाशी नाही, की तुमच्या घरात हे पेटणारच. पण तुमची भांडणं मी ऐकली आहेत. त्यात प्रत्येक जण कोण आणायचा तेच सांगतो. बदल्यात काय द्यायचं म्हटलं की सगळे गप्प. आपल्या मायनर लीगमधला (मुख्य संघाखालच्या, शिकाऊ संघांतला) प्रत्येक पोरगा उद्याचा सुपरस्टार, आणि समोरच्याने मात्र आपला हुकमी पिचर (चेंडू टाकणारा) दोन फुटकळ नावांवर द्यावा. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! यापुढे तोंड उघडायच्या आधी दोन गोष्टी विचार. जाणार कोण, आणि येणारा किती वर्षं राहणार? सीझन संपताच करार संपणारा खेळाडू म्हणजे ज्याला तुम्ही 'रेंटल' म्हणता तो, दोन महिन्यांचा भाडेकरू. त्याच्यासाठी सहा वर्षं हाताशी राहू शकणारा पोरगा द्यायचा असेल तर ते दोन महिने तेवढ्या मोलाचे हवेत.

2023 तुला आठवतच असेल. 27 जुलैला मी डेट्रॉइटच्या कोमेरिका पार्कमध्ये होतो. आदल्या दिवशी पावसाने मॅच वाहून गेली होती, म्हणून एकाच दिवशी दोन. पहिलीत तुमच्या ओहतानीने, जो पिचिंगही करतो आणि बॅटिंगही, पूर्ण नऊ इनिंग्ज टाकून आमच्या डेट्रॉइट टायगर्सला एकच हिट (बेसवर पोचवणारा फटका) दिली, एकही रन नाही. दुसरीत दोन होमरन. शेजारचे टायगर्सवाले आजोबा टोपी काढून नुसते बघत बसले होते. आणि या दिवसाच्या आदल्याच संध्याकाळी एंजल्सने ठरवून टाकलं होतं: ओहतानीला विकायचं नाही, उलट जिओलिटो आणि लोपेझ हे दोन पिचर घ्यायचे. मोबदल्यात केरो हा कॅचर आणि बुश हा डावखुरा पिचर गेला.

पुढे काय झालं? 1 ऑगस्टपासून सलग सात पराभव. 23 तारखेला ओहतानीच्या कोपराचा लिगामेंट फाटला. महिना संपता संपता जिओलिटो आणि लोपेझ दोघांनाही वेव्हर्सवर, म्हणजे बदल्यात कुणी न मागता इतर संघांसाठी, सोडून दिलं, क्लीव्हलंडने ते उचलले. शेवट 73 विजय, 89 पराभव. डिसेंबरमध्ये ओहतानी 70 कोटी डॉलरचा करार करून डॉजर्सकडे गेला, म्हणजे तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावर. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.

पण थांब. "मी म्हटलं होतं ना!" असं लगेच म्हणू नकोस. कोपर फाटणार हे 26 जुलैला कुणाला ठाऊक होतं? माझं म्हणणं वेगळं आहे. त्या संघात भोकं चार होती आणि बुजवायला निघाले दोन. उलट तू दरवेळी तोंडावर मारतोस ते 2021चं अटलांटाच्या ब्रेव्हज संघाचं उदाहरण घे. जुलैअखेर त्यांचे पराभव विजयांपेक्षा जास्त होते, त्यांचा स्टार आउटफील्डर अकुन्या जायबंदी होता, तरी त्यांनी खरेदी केली आणि वर्ल्ड सिरीज जिंकली. खरंय. पण त्यांना भोक नेमकं कुठे आहे ते माहीत होतं: आउटफील्ड, म्हणजे मैदानाची मागची बाजू. चार आउटफील्डर आणले आणि चौघांसाठी मिळून फारसं काही गमावलं नाही. रोझारिओसाठी तर उतरणीला लागलेला सँडोव्हाल दिला. शिवाय त्यांच्या गटात पहिल्या नंबरवरचे मेट्स हाताच्या अंतरावर होते. ब्रेव्हजचं उदाहरण द्यायचं तर हे सगळं सांगून दे.

आता माझी जुनी जखम. 1987 साली मी इथे नवा विद्यार्थी होतो. रेडिओवर अर्नी हारवेलचं समालोचन ऐकत बेसबॉल शिकलो. ऑगस्टमध्ये टायगर्सने अटलांटाकडून डॉइल अलेक्झांडर हा 36 वर्षांचा पिचर आणला. (तेव्हा डेडलाइन उलटल्यावर ऑगस्टमध्येही वेव्हर्समधून असे सौदे व्हायचे, ती वाट 2019 पासून बंद झाली.) तो नऊ मॅचेस जिंकला, एकही हरला नाही. शेवटच्या दिवशी टोरोंटोला 1-0 हरवून आम्ही डिव्हिजन, म्हणजे आमचा गट, जिंकली. मी रेडिओ हातात धरून खोलीभर नाचलो. मग प्लेऑफमध्ये (पुढच्या बाद फेरीत) मिनेसोटाने आम्हाला झोपवलं. अलेक्झांडरच्या बदल्यात गेलेला 20 वर्षांचा, आमच्या मिशिगन राज्याचाच पोरगा जॉन स्मोल्ट्झ पुढे 213 विजय आणि 154 सेव्ह (शेवटी येऊन राखलेल्या मॅचेस) मिळवून हॉल ऑफ फेममध्ये गेला.

लोक अजून त्या सौद्याला हसतात. मी हसत नाही. जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि तो पोरगा तेव्हा डबल-एमध्ये, मायनर लीगच्या मधल्या पायरीवर, मार खात होता.

तू एक कर. डेडलाइनच्या आदल्या रात्री कागदावर लिहून काढ: कोण द्यावा, कोण घ्यावा, का. खाली तारीख टाक आणि फोटो मला पाठव. ऑक्टोबरपर्यंत त्यावर बोलायचं नाही. मी हे 1987 पासून करतोय. परवा कपाट आवरताना ती पहिली वही सापडली. ऑगस्टच्या पानावर एवढंच आहे: "अलेक्झांडर. घ्यावाच." बदल्यात कोण चाललाय त्याचं नावसुद्धा मी लिहिलेलं नाही.

तुझा,
मामा